घरचा इन्व्हर्टर : दुखणे कुठे, औषध कशाला?

— ऊस विकास अधिकारी



ऊस नोंदीच्या आणि पाहणीच्या कामासाठी आम्ही आपल्या कार्यक्षेत्रातील गावे व वाड्या-वस्त्या हिंडत असतो. घरात टेकले की प्रश्न ठरलेले असतात. हुमणीवर काय टाकावे, खोडव्याची पाचट ठेवावी की पेटवावी, तोड कधी येणार. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे. "साहेब, लाईट गेली की आमचा इन्व्हर्टर काही साथ देत नाही. नवी बॅटरी घ्यावी म्हणतो."

ऊस विकास विभागाचा आणि बॅटरीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, दोन्हीकडे चूक एकाच जातीची होते. ऊस पिवळा पडला की पुष्कळ ठिकाणी आधी युरियाचे पोते फोडले जाते. वास्तविक पान पिवळे पडते ते कधी चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही म्हणून, कधी सरीत पाणी तुंबले म्हणून, तर कधी हुमणीने मुळ्या कुरतडल्या म्हणून. लक्षण एक, रोग तीन आणि औषधेही तीन. युरियाने यातला एकही बरा होत नाही. इन्व्हर्टरचे तसेच आहे. "साथ देत नाही" हे नुसते लक्षण झाले. त्यामागे सैल नटबोल्ट असेल, कोरडी पडलेली बॅटरी असेल, कमी दाबाची वीज असेल, नाहीतर वाढलेला भार असेल. न तपासता बॅटरी बदलणे म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!

आणि हे इंजेक्शन स्वस्त नाही. घरगुती मोठी बॅटरी घ्यायची म्हटले की तोडणी-वाहतूक वजा जाता चार-पाच टन उसाचे बिल तिकडे जाते. म्हणून बॅटरीच्या दुकानाची पायरी चढण्याआधी घरच्या घरी काय तपासावे, कोणते काम वायरमनवर सोडावे आणि बॅटरी खरोखर संपली हे कशावरून ओळखावे, एवढे या लेखात क्रमाने सांगत आहोत.

आधी यंत्र समजून घेऊ

आपल्याकडे बहुतेक घरांत शिसे आणि आम्लाची बॅटरी असते. ही जात फार जुनी. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ साली ती प्रथम तयार केली. तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या असून त्या पाणी घातलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज काढून घेतली की पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. चार्जिंग केले की सल्फेट विरघळते, आम्ल पुन्हा दाट होते.

यातच बॅटरीच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ आहे. उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर ते सल्फेट कडक होऊन बसते आणि मग सहजासहजी विरघळत नाही. घट्ट झालेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, तशी ती बॅटरी चार्ज घेत नाही. म्हणून बॅटरी रिकामी ठेवणे हे तिला वापरण्यापेक्षा वाईट.

इन्व्हर्टर म्हणजे वरचा डबा. त्याची कामे दोन. लाईट असताना बॅटरी भरायची आणि लाईट गेली की बॅटरीच्या १२ व्होल्टपासून २३० व्होल्टची घरगुती वीज तयार करायची. बॅटरी सुमारे १०.५ व्होल्टपर्यंत उतरली की बहुतेक इन्व्हर्टर आपण होऊन बंद होतात. तो बिघाड नव्हे, ती बॅटरीची राखण आहे.

एक गोष्ट येथेच सांगून टाकू. काही सभासद ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला जोडतात. चार दिवस काम भागते आणि मग ती बसते. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात. स्टार्टर मारताना क्षणभर मोठा जोर द्यावा, एवढ्यासाठी ती बनवलेली असते. घरच्या इन्व्हर्टरला तासन् तास हळूहळू वीज देणारी जाड पट्ट्यांची, म्हणजे ट्यूब्युलर बॅटरी लागते. शर्यतीचा खोंड दिवसभर औताला जुंपला तर काय होईल? तेच इथे होते.

हात लावण्यापूर्वी

चार्जिंग होत असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. वस्तीवर फिरताना काही घरांत बॅटरी देवघराच्या कोपऱ्यात, समईपासून हातभर अंतरावर ठेवलेली आम्ही पाहिली आहे. कुठे ती पलंगाखाली असते, कुठे बंद कपाटात. हे ताबडतोब बदलावे. बॅटरीला वारा लागला पाहिजे आणि दिवा, चूल, गॅस, विडी-काडी यांपासून ती दूर हवी. खताच्या पोत्यांच्या खोलीतही नको. खताची भुकटी ओल धरते आणि धातू खाते.

बॅटरीचे काम करण्यापूर्वी इन्व्हर्टर बंद करावा व त्याची भिंतीवरची पिनही काढावी. हातातले कडे, अंगठी, बांगड्या उतरवाव्यात. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे पाना चुकून दोन्ही टर्मिनलला एकदम टेकणार नाही. काढताना आधी काळी म्हणजे वजा वायर काढावी आणि लावताना ती सर्वांत शेवटी लावावी. बॅटरीतले आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि तसेच दवाखाना गाठावा.

इन्व्हर्टरचा डबा मात्र उघडू नये. बंद केल्यावरही त्याच्या आतल्या काही भागांत वीज साठून राहते. ते काम जाणकाराचे.

लक्षणांवरून शोध

पहिली तक्रार : लाईट गेली की घर एकदम काळोखात जाते. इन्व्हर्टर उठतच नाही.

आधी साध्या गोष्टी बघा. इन्व्हर्टरचे पुढचे बटण चालू आहे का? साफसफाईत, मुलांच्या खेळात ते बंद झालेले असते. मागचा फ्यूज गेला आहे किंवा छोटा ब्रेकर पडला आहे का? नंतर बॅटरीच्या टर्मिनलकडे या. तिथे पांढरा-हिरवा चुरा साठला असेल किंवा वायरचे टोक बोटाने हलत असेल, तर निम्मे काम झाले असे समजा. टोके सोडवून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासावीत. ते पाणी बॅटरीच्या कप्प्यात जाणार नाही, म्हणून सगळी बुचे घट्ट असू द्यावीत. कोरड्या फडक्याने पुसून नट चांगले आवळावेत आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. आमच्या गटातील एका सभासदाने दुकानात नव्या बॅटरीची रक्कम सुद्धा ठरवली होती. या पाच रुपयांच्या सोड्याने त्यांची जुनी बॅटरी पुढे चालू राहिली.

दुसरी तक्रार : इन्व्हर्टर उठतो, पण दहा-पंधरा मिनिटांत मान टाकतो.

याची कारणे चार. बॅटरी पुरती भरलेली नाही, पाणी आटले आहे, भार वाढला आहे किंवा बॅटरीचा एखादा कप्पा मेला आहे. पाणी आणि भार यांविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे. भरण्याविषयी हिशेब साधा आहे. १५० अँपिअर-तासांची, दुकानदार जिला 'दीडशे एएच' म्हणतो ती बॅटरी रिकामी झाली आणि इन्व्हर्टर तिला १५ अँपिअरने भरीत असेल, तर १० ते १२ तास अखंड लाईट हवी. विहिरीतून उपसा चार तासांचा आणि झरा दोन तासांचा असेल, तर विहीर एक दिवस तळाला जाणारच. वळवाच्या वाऱ्याने तारा तुटून दोन-तीन दिवस लाईटचा खेळखंडोबा झाला असेल, तर आधी बॅटरी पूर्ण २४ तास भरू द्या आणि मगच तिला नावे ठेवा.

तिसरी तक्रार : लाईट दिवसभर असते, तरी संध्याकाळी बॅटरी रिकामी.

ही तक्रार डीपीपासून लांबच्या वस्त्यांवर फार. तिचे कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला बहुधा एक छोटा खटका असतो. त्याच्या दोन जागा असतात, एक 'यूपीएस' आणि दुसरी 'नॉर्मल' किंवा 'इको'. खटका यूपीएसवर असला की इन्व्हर्टर फार चोखंदळ होतो. विजेचा दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला की तो ती वीज नाकारतो आणि घर बॅटरीवर घेतो. नॉर्मलवर असला की सुमारे १०० ते ११० व्होल्टपर्यंतची वीजही तो चालवून घेतो. नेमके आकडे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत दिलेले असतात.

आता बघा काय होते. नियमाप्रमाणे घरगुती वीज २३० व्होल्टची आणि त्यात कमी-जास्त ६ टक्के, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट असायला हवी. पण लाईनच्या शेवटच्या टोकाला संध्याकाळी दाब १६०-१७० पर्यंत उतरतो. शेजारच्या घरात बल्ब मंद का होईना पेटलेला दिसतो, म्हणून आपण समजतो की लाईट आहे. इन्व्हर्टरच्या लेखी मात्र लाईट गेलेली असते! तो गुपचूप बॅटरी खात राहतो. रात्री खरोखर लाईट गेली की बॅटरीत काही उरलेले नसते.

एका वस्तीवरील सभासदाच्या घरी चार वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या आणि तिसरीची बोलणी चालू होती. घरात दहावीची मुलगी, रात्रीचा अभ्यास मोबाईलच्या उजेडात. वायरमनला घेऊन आम्ही संध्याकाळी सातला दाब मोजला, तो १६८ व्होल्ट भरला. इन्व्हर्टरचा खटका यूपीएसवर होता. तो नॉर्मलवर केला, बॅटरीत पाणी भरले आणि एक दिवस-रात्र चार्जिंग होऊ दिले. तिसरी बॅटरी घ्यावी लागली नाही. आधीच्या दोन मात्र हकनाक गेल्या. रोज रिकामी होऊन अर्धवट भरली जाणारी बॅटरी टिकत नाही, ती कुठल्याही दुकानातून आणा.

खटका नॉर्मलवर ठेवला की एकच अडचण येते. लाईट जाता-येता क्षणभर खंड पडतो आणि त्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. पंखे, बल्ब, टीव्हीला त्याचे काही वाटत नाही. मूळ दुखणे कमी दाबाचे आहे, त्याची तक्रार वीज कंपनीकडे १९१२ या क्रमांकावर करावी व तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. वस्तीवरील चार घरांनी मिळून लेखी अर्ज दिला तर आणखी चांगले.

चौथी तक्रार : बॅटरी फार पाणी पिते, तापते, वास येतो.

बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरली जात आहे असा याचा अर्थ. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ते धोक्याचे लक्षण समजावे. कुठलेही बटण दाबत न बसता आधी खिडक्या-दारे उघडावीत, घरातली मंडळी बाहेर काढावीत, मेन स्वीच घराबाहेर असेल तर तो पाडावा आणि वायरमनला बोलवावे. दोष कधी इन्व्हर्टरच्या चार्जिंगचा असतो. कधी बॅटरीचा एक कप्पा मेलेला असतो, मग बाकीच्या पाच कप्प्यांवर जादा चार्ज पडून ते उकळत राहतात.

पाचवी तक्रार : पंखा घुमतो, इन्व्हर्टर सारखा शिट्टी मारतो.

जुन्या स्वस्त इन्व्हर्टरवर पंखा घूं घूं करतो. त्याच्या विजेची लहरच चौकोनी असते, तो बिघाड नव्हे. शिट्टी मात्र ऐकावी. ती भार जास्त झाल्याची किंवा बॅटरी उतरल्याची वर्दी असते.

मीटर खोटे बोलत नाही

साधा डिजिटल मल्टिमीटर आता चार-पाचशे रुपयांत मिळतो. मोटर-स्टार्टरच्या कामालाही तो उपयोगी पडतो. घरी एक असावाच. त्याने बॅटरीच्या चार परीक्षा घेता येतात. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल सळई अधिक टर्मिनलला आणि काळी वजा टर्मिनलला लावावी.

(१) विश्रांतीचा दाब. बॅटरी पूर्ण भरून इन्व्हर्टर बंद करावा, त्याची पिन काढावी आणि निदान तीन-चार तासांनी मोजावे. १२.६ ते १२.८ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पूर्ण चार्जिंगनंतरही आकडा १०.५ च्या जवळच घोटाळत असेल, तर १२.६ मधून २.१ वजा करून बघा. एक कप्पा गेला!

(२) चार्जिंगचा दाब. लाईट असताना आणि इन्व्हर्टर चालू असताना मोजावे. आकडा १३ च्या वर जाऊन १३.५ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. बॅटरी फार उतरली असेल तर चढायला काही तास लागतील. पण तो १२.३-१२.४ वरच रात्रभर बसून राहिला, तर बॅटरीपर्यंत चार्ज पोचतच नाही. दोष इन्व्हर्टरचा, फ्यूजचा किंवा वायरचा. उलट तो १५ च्या वर जात असेल, तर इन्व्हर्टरचे चार्जिंग बिघडले आहे. अशा वेळी बॅटरी बदलली तर नवीही उकळून जाईल.

(३) भाराखालचा दाब. मेन बंद करून दोन पंखे व चार बल्ब चालू ठेवावेत आणि पाच-दहा मिनिटांनी मोजावे. चांगली बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास टिकून राहते. १२.६ वरून बघता बघता ११ च्या खाली आली, तर ती थकली.

(४) दोन टोकांची परीक्षा. ही फार महत्त्वाची आहे आणि क्वचितच कोणी करतो. भार चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर दाब मोजा आणि लगेच इन्व्हर्टरकडच्या टोकांवर मोजा. एकीकडे १२.२ आणि दुसरीकडे ११.३ आले, तर बॅटरी निर्दोष आहे. मधली वायर किंवा जोड वीज खातो आहे. ४०० वॉटच्या भाराला बॅटरीकडून जवळजवळ ४० अँपिअर ओढले जातात. त्याला घरातली बारीक वायर जोडणे म्हणजे पाच एचपीच्या मोटरला पाऊण इंची नळी लावण्यासारखे आहे. पाणी कमी येते आणि नळीही तापते. वायर हाताला गरम लागली की ती बदलून जाड तांब्याची, आखूड वायर आणि दाबून बसवलेली टोके लावून घ्यावीत.

पाचवी परीक्षा हायड्रोमीटरची. ही काचेची पिचकारी प्रत्येक कप्प्यातल्या आम्लाची घनता दाखवते. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत ती साधारण १.२२० ते १.२५० असते. सहाही कप्पे मोजावेत आणि कागदावर लिहावेत. पाच कप्पे १.२३० आणि एकच १.१४० दाखवीत असेल, तर तो कप्पा निकामी समजावा. सहाही सारखेच खाली असतील, तर बॅटरी उपाशी आहे, मेलेली नाही. तिला एक दिवस-रात्र भरून पुन्हा मोजावे. पाणी घातल्या घातल्या मोजू नये. नवे पाणी वरच तरंगत असते आणि आकडा खोटा येतो.

पाण्याची पाळी

उसाला जशी पाण्याची पाळी, तशी बॅटरीलाही. दर दोन महिन्यांनी आणि उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघावी. बुचावरची तरंगती काडी लाल खुणेकडे गेली की पाणी भरायचे.

पाणी फक्त बॅटरीचे, म्हणजे डिस्टिल्ड. नळाचे, बोअरचे, गाळलेले किंवा उकळलेले चालत नाही. आपल्या कार्यक्षेत्रात बोअरच्या पाण्याने जमिनी खारवल्या हे आपण डोळ्यांनी पाहतो. तेच क्षार बॅटरीच्या पट्ट्यांवर बसतात. घरच्या आरओचे पाणी पिण्यास ठीक, पण त्यातही थोडे क्षार राहतातच.

भरताना हात आखडता ठेवावा. वरच्या खुणेपर्यंत भरले की पुरे. काठोकाठ भरले तर चार्जिंगच्या वेळी आम्ल बाहेर सांडते, फरशी खाते आणि आतले आम्ल कायमचे पातळ होते. पाणी बॅटरी भरलेली असताना घालणे उत्तम. बॅटरी उतरलेली असेल तर पट्ट्या बुडण्यापुरते घालावे आणि बाकीचे चार्जिंगनंतर. वरून ॲसिड घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. बॅटरीतून उडून जाते ते पाणी, ॲसिड नव्हे.

भाराचा हिशेब

नवी बॅटरी कागदावर १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॉट-तास देते. त्यातली सगळी काढता येत नाही, आणि इन्व्हर्टरही आपली दलाली घेतो. हाती सुमारे ११०० वॉट-तास येतात असे धरावे. आता घरातला भार मांडा. दोन पंखे ७५ प्रमाणे १५०, चार एलईडी बल्ब ९ प्रमाणे ३६ आणि टीव्ही ८०. बेरीज २६६ वॉट. म्हणजे सुमारे चार तास. तीन-चार वर्षांच्या बॅटरीकडून एवढीही अपेक्षा धरू नये.

याच हिशेबाने दुसरीही वाट दिसते. जुन्या दोन पंख्यांच्या जागी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे बसवले, तर भार १७६ वॉटवर येतो आणि तीच बॅटरी सहा तास जाते. बॅटरी मोठी करण्यापेक्षा गळती बंद करणे स्वस्त, हे ठिबकवाल्या सभासदांना वेगळे सांगायला नको.

फ्रीज, मिक्सर, इस्त्री, हीटर, पाण्याची मोटर यांना लहान घरगुती इन्व्हर्टरवर घेऊ नये. नवीन खोली बांधली, वायरिंग वाढवले की एखादा सॉकेट नकळत इन्व्हर्टरच्या लाईनवर जातो आणि त्यावर मिक्सर लागतो. "पूर्वी चालत होता, आता शिट्टी मारतो" असे झाले की हे आधी तपासावे.

आणि एक कळकळीची विनंती. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून इन्व्हर्टर किंवा जनरेटरची वीज भिंतीच्या सॉकेटमध्ये घालण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. मेन चालू राहिला तर ती वीज उलटी लाईनवर जाते आणि डीपीचा ट्रान्सफॉर्मर तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवतो. खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे या भरवशावर तारेला हात लावतो. तोही कुणा सभासदाचाच मुलगा असतो. आपल्या घरचे चार बल्ब पेटावेत म्हणून त्याच्या घरचा दिवा विझू नये. वायरिंग चेंजओव्हरसह आणि जाणकाराकडूनच करून घ्यावे.

घरात आजारी माणूस असेल तर

काही सभासदांच्या घरी वडीलधाऱ्यांना ऑक्सिजनचे यंत्र लागते. पाच लिटरचे यंत्र साधारण ३०० ते ३५० वॉट खाते. नवी बॅटरीही त्यावर तीन तासांच्या पुढे जाईल असे धरू नये, आणि जुनी तर तासाभरात बसेल. अशा घरांनी अंदाजावर राहू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा, त्या बॅटरीवर दुसरा भार घेऊ नये आणि दरमहा परीक्षा करावी.

परीक्षा सोपी आहे. महिन्यातून एकदा दिवसा, घरातली सगळी मंडळी हजर असताना, मेन बंद करावा आणि नेहमीच्या भारावर इन्व्हर्टर किती वेळ चालतो ते घड्याळ लावून बघावे. पहिली शिट्टी झाली की मेन चालू करावा. यंत्रावर असलेल्या रुग्णाच्या घरी मात्र यंत्र थेट वीजपुरवठ्यावर ठेवूनच, तेवढ्या वॉटचे पंखे-बल्ब लावून ही परीक्षा घ्यावी. आलेला वेळ तारखेसह कॅलेंडरवर लिहावा. कारखाना सुद्धा मोळी टाकण्याआधी यंत्रांची चाचणी घेतो. गाळप चालू झाल्यावर दोष सापडला तर फार महागात पडते. चार महिने चार तास आले आणि पाचव्या महिन्यात अडीच, तर शोध घेण्याची वेळ आली असे समजावे.

बॅटरी संपलीच तर

वरील सर्व बघून कप्पा गेलाच असे ठरले, तर मग वेळ घालवू नये. दुकानात जाताना पावती आणि वॉरंटी कार्ड न्यावे. मुदतीत असेल तर बदलून मिळण्याचा हक्क आपला आहे. लिहून ठेवलेले मीटरचे आकडे दाखवले की दुकानदारही टोलवाटोलवी करीत नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातोड्याखाली घालू नये आणि आम्ल ओढ्यात, बांधावर ओतू नये. शिसे हे विष आहे आणि लहान मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम होतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा होण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्यावी. तिच्या शिशाची किंमत होते, ती बिलातून वळती करून घ्यावी.

लिथियमची बॅटरी आता बाजारात आली आहे. तिला पाणी लागत नाही, ती हलकी असते आणि लवकर भरते. परंतु तिच्याजोगता इन्व्हर्टर लागतो. जुन्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडू नये आणि ती घरी कधीही उघडू नये.

थोडक्यात

१. आधी बटण, फ्यूज आणि टर्मिनल. मग पाणी. मग भार. मग मीटर. बॅटरी बदलणे सर्वांत शेवटी.

२. वस्ती डीपीपासून लांब असेल तर संध्याकाळचा दाब मोजा व इन्व्हर्टरचा खटका बघा.

३. पाणी डिस्टिल्डच. ॲसिड नाही.

४. बॅटरीजवळ दिवा-काडी नाही. बॅटरी मोकळ्या हवेत.

५. गावाला जाताना बॅटरी पूर्ण भरून ठेवा. रिकामी ठेवून कुलूप लावू नका.

६. महिन्यातून एकदा चाचणी आणि कॅलेंडरवर नोंद.

आपल्या गट कार्यालयात एक मल्टिमीटर व एक हायड्रोमीटर ठेवण्याची व्यवस्था आम्ही केली आहे. सभासदांनी नोंद करून ते एक दिवसासाठी घरी न्यावेत, वापरून झाल्यावर हायड्रोमीटर साध्या पाण्याने धुऊन परत करावा, ही विनंती. वापर समजला नाही तर गटातील कृषी सहाय्यकास विचारावे. पिवळ्या पानाचे कारण जसे आपण मूळ उकरून बघतो, तसे अंधाराचे कारणही तपासून बघावे. घामाचा पैसा दुकानात ओतण्याआधी अर्धा तास खर्च केला, तर त्यात आपलेच हित आहे.

जय सहकार!